ट्रेलरमधला जुना फ्रिज: दुरुस्त करायचा की बदलायचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. 2012 चा 28 फुटी, सहलीत राहण्याचा ट्रेलर, सेकंडहँड घेतलेला, घर डॅलसजवळ. आत आठ घनफुटांचा, गॅस आणि वीज दोन्हींवर चालणारा दोन दारी फ्रिज. जुलैच्या सहलीत आइस्क्रीम मऊ पडलं, खालच्या कप्प्यात दूध 52 अंश फॅरनहाइटवर गेलं आणि दुसऱ्या दिवशी नासलं. दुकानाने मागची जाळी उघडून पाहिली, 'कूलिंग युनिट गेलंय' म्हटलं आणि नव्या फ्रिजचे मजुरीसह 3,100 डॉलर सांगितले. वर्षाला वीस-पंचवीस रात्री, त्याही बहुतेक विजेची जोडणी असलेल्या स्टेट पार्कांत. येत्या जूनमध्ये मात्र यलोस्टोन राष्ट्रीय उद्यान.

यात दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेत. पहिला: बिघाड खरंच कूलिंग युनिटमध्ये आहे का? तो अजून सिद्ध झालेला नाही. दुसरा: बदलायचाच झाला तर कोणता घ्यायचा? हा प्रश्न फ्रिजपेक्षा तुमच्या बॅटरीचा जास्त आहे. फ्रिजचं वय या दोन्हींत तिसऱ्या नंबरवर येतं.

आधी हा फ्रिज घरच्यापेक्षा वेगळा कसा, ते सांगतो. यात कॉम्प्रेसर नाही, हलणारा एकही भाग नाही. प्लाटेन आणि मुंटर्स या दोन स्वीडिश विद्यार्थ्यांनी 1922 मध्ये काढलेली युक्ती आजही जवळपास तशीच वापरात आहे. बंद नळ्यांमध्ये (यांनाच कूलिंग युनिट म्हणतात) अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन भरलेला असतो. खाली बॉयलरला आच दिली की अमोनिया पाण्यातून सुटून वर जातो, मागच्या कंडेन्सरमध्ये (पातळ पत्र्याच्या फिन्स लावलेल्या नळीत) थंड होऊन द्रव होतो, हायड्रोजनच्या संगतीत त्याची वाफ होताना आतली उष्णता ओढून घेतो, आणि खालच्या वेटोळ्यांत पुन्हा पाण्यात विरघळतो. आच गॅसच्या ज्योतीची की विजेच्या हीटिंग एलिमेंटची, याच्याशी नळ्यांना देणंघेणं नाही.

निदानाची किल्ली याच शेवटच्या वाक्यात आहे. फ्रिज गॅसवर नीट आणि विजेवर ढिला चालत असेल, किंवा उलटं, तर कूलिंग युनिट ठणठणीत आहे. दोष त्या-त्या आचेत आहे. दोन्हींवर सारखाच ढिला असेल तेव्हाच संशय कूलिंग युनिट, हवेचा मार्ग किंवा दाराकडे वळवायचा. जुलैत फ्रिज कशावर चालू होता, ते तुम्ही लिहिलेलं नाही. स्टेट पार्क म्हणजे बहुधा विजेवर, असं धरून चालतो.

टेक्सासच्या जुलैत, दुपारी चार वाजता, पार्कातले सगळे एसी चालू असताना वीज देणाऱ्या 30 अँपिअरच्या खांबावर 120 ऐवजी 105 व्होल्ट मिळणं अगदी शक्य आहे. एलिमेंटची ताकद व्होल्टेजच्या वर्गाने बदलते. म्हणजे 105 व्होल्टला आच जवळजवळ 23 टक्क्यांनी कमी. बाहेर 100 अंश, आच पाऊणपट, आणि जाळीमागे कोंडलेली गरम हवा. अशात धडधाकट फ्रिजही 50 च्या घरात जाऊ शकतो. फ्रीझर त्यातल्या त्यात बरा आणि खालचा कप्पा गरम, हे लक्षण त्यात बसतंच, कारण या फ्रिजात थंडावा आधी फ्रीझरला मिळतो आणि उरलासुरला खाली येतो. कमी पडला की पहिला फटका दुधाला.

तेव्हा एक पैसाही खर्च करण्याआधी बाहेरची जाळी उघडा आणि नाक-डोळे वापरा. अमोनियाचा झणझणीत वास येतोय का? बॉयलरच्या आसपास, नळीच्या जोडांपाशी पिवळी पूड दिसते का? ती सोडियम क्रोमेट. नळ्या आतून गंजू नयेत म्हणून द्रावणात घातलेली असते, आणि ती बाहेर दिसली याचा अर्थ नळी फुटली आहे. फ्रिज लगेच गॅस आणि वीज दोन्हींवरून बंद करा, पुन्हा लावून बघण्याचा मोह नको. गळणारा हायड्रोजन ज्वालाग्राही आहे आणि काही इंचांवर बर्नर आहे. पुडीला उघड्या हाताने शिवू नका, तिच्यातलं क्रोमियम विषारी असतं. पिवळी पूड किंवा वास असेल तर या उत्तराचा दुरुस्तीवाला भाग सोडून थेट बदलीच्या भागाकडे जा.

तसं काही नसेल तर चोवीस तासांची चाचणी. दुकानाने ती केली असती तर बिलात किंवा बोलण्यात उल्लेख आला असता. ट्रेलर स्पिरिट लेव्हल लावून समतल करा. सर्वसाधारण मर्यादा आडव्या दिशेला 3 अंश आणि पुढे-मागे 6 अंश असते, पण चाचणीसाठी अगदी सपाटच हवा. फ्रिज पूर्ण रिकामा करा. मधल्या कप्प्यात पाण्याचा ग्लास आणि त्यात थर्मामीटर ठेवा. हवेचं तापमान दार उघडताच उडी मारतं, पाण्याचं मारत नाही. मग एलिमेंटच्या दोन वायरी फ्रिजच्या कंट्रोल बोर्डवरून काढून प्लगच्या दोरीने थेट 120 व्होल्टला जोडायच्या. यामुळे बोर्ड, थर्मिस्टर (तापमान ओळखणारा सेन्सर), बटणं सगळी वगळली जातात आणि उरतं फक्त आच आणि कूलिंग युनिट. विजेच्या कामाची सवय नसेल तर हे इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या. या जोडणीत आपोआप बंद होण्याची सोय नसते, त्यामुळे घरात कोणी असताना करा आणि अधूनमधून पाहत राहा.

चार-पाच तासांनी मागे हात लावून बघा. बॉयलरचं आवरण कडक तापलेलं असेल, तिथे हात नको. तळाशी जी वेटोळी आहेत ती मात्र कोमट ते गरम लागायला हवीत, आणि वरच्या फिन्स गरम. बॉयलर तापून लाल व्हायच्या बेतात आणि वेटोळी खोलीतल्या भिंतीइतकी गार, असं असेल तर आत प्रवाहच नाही. एक तर वायू निसटलाय किंवा नळी चोंदलीय. चोवीस तासांनी ग्लासातलं पाणी 40 अंश फॅरनहाइट किंवा खाली, फ्रीझर शून्य ते दहाच्या दरम्यान, तर कूलिंग युनिट चांगलं आहे आणि 3,100 डॉलर तुमचेच राहिले. पाणी 45-50 वर अडकलं तर ते थकलंय. अधेमधे असेल तर बाहेरचं तापमान बघून ठरवा. 100 अंशांच्या दुपारी घेतलेली चाचणी रात्रीच्या 75 अंशांत घेतलेल्या चाचणीशी जुळणार नाही.

चाचणीत पास झाला, तर दोष स्वस्तातला आहे. मल्टिमीटरने एलिमेंटचे ओहम मोजा, वायरी सोडवून. एलिमेंटवर वॅट छापलेले असतात. 120 चा वर्ग भागिले वॅट म्हणजे अपेक्षित ओहम, म्हणजे 325 वॅटचा असेल तर 44 च्या आसपास. साठच्या पुढे आकडा गेला तर तो तापतो पण पुरेसा नाही, आणि असा अर्धमेला एलिमेंट हमखास कूलिंग युनिटच्या नावावर खपतो. मेलेला एलिमेंट निदान स्पष्ट मेलेला असतो. हा भाग पन्नास ते शंभर डॉलरचा आहे.

आतल्या फिन्सना चिमट्याने लावलेला थर्मिस्टर बर्फ घातलेल्या पाण्यात दहा मिनिटं बुडवून मोजा. डोमेटिक कंपनीच्या फ्रिजांत 7,000 ते 10,000 ओहमच्या मध्ये यायला हवा. बोर्डला 12 व्होल्ट पुरते मिळतात का तेही बघा. विजेवर चालतानाही बोर्ड बॅटरीच्या 12 व्होल्टवरच जगतो, आणि साडेदहाच्या खाली गेला की काहीही बरळतो. बोर्ड खरंच गेला असेल तर तो दीड-दोनशेत मिळतो, मूळ कंपनीचा किंवा डायनोसॉरसारख्या दुसऱ्या कंपनीचाही. पण बोर्ड शेवटी बदला. चांगले बोर्ड फेकून देण्याचं प्रमाण या धंद्यात फार आहे, मूळ दोष बहुतेक वेळा एखाद्या गंजलेल्या अर्थिंगच्या स्क्रूत असतो.

गॅसवर ढिला असेल तर दाब 11 इंच पाण्याच्या स्तंभाइतका आहे का ते मॅनोमीटरने तपासून घ्या. ज्योत निळी, टोकदार, किंचित घोंघावणारी हवी. पिवळी, लोळणारी ज्योत म्हणजे जेट (गॅस सोडणारं बारीक भोक असलेला भाग) चोंदलंय किंवा धुरांड्यात काजळी आहे. जेटमध्ये टाचणी, तार काही घालू नका. भोक केसभर मोठं झालं तरी ज्योत बिघडते. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवायचं आणि आपोआप वाळू द्यायचं. बर्नरच्या नळीत कोळ्याचं जाळं जवळजवळ दरवर्षी सापडतं. प्रोपेनला घातलेल्या वासाचं त्यांना काय आकर्षण, कोण जाणे.

दाराचं सील: डॉलरची नोट दारात धरून बंद करा आणि ओढा. चारही बाजूंनी अडखळत यायला हवी. सहज सुटली तर तिथून दमट हवा आत जाते, आतल्या फिन्सवर बर्फ साचतो, आणि तो बर्फच मग थंडावा अडवतो. काही मॉडेलांत सील सुटं मिळत नाही, अख्खं दार घ्यावं लागतं. त्याची किंमत आधी विचारा.

आणि हवेचा मार्ग. दुकानं यात सहसा हात घालत नाहीत, पण तुमच्या लक्षणाला हाच सगळ्यात जवळचा आहे. फ्रिजची पाठ आणि ट्रेलरची भिंत यांत एक इंचापेक्षा जास्त फट असेल, तर खालच्या जाळीतून आलेली हवा कंडेन्सरला न शिवता मोकळ्या जागेतून वर निघून जाते. तिथे पत्र्याचा किंवा फोम बोर्डचा अडसर असा बसवायचा की हवेला कंडेन्सरच्या फिन्समधूनच जावं लागेल. वरच्या जाळीत पक्ष्याचं घरटं असेल तर आधी ते काढा. मग कंडेन्सरखाली 12 व्होल्टचे दोन छोटे पंखे, सोबत 120-130 अंशांना लागणारा थर्मोस्टॅट. सगळं मिळून साठ-सत्तर डॉलर. डॅलसच्या उन्हात हे दोन बदल करून बघितल्याशिवाय कोणत्याही फ्रिजला नापास करू नये. भर उन्हात फ्रिजची बाजू पश्चिमेला ठेवून ट्रेलर लावला तर मात्र पंखेही हात टेकतात.

थोडं वापराबद्दल, कारण आपल्या घरांत हे होतंच. इडलीच्या पिठाचा मोठा डबा आतल्या फिन्सना चिकटवून ठेवला की खालच्या कप्प्यातला हवेचा फेरा थांबतो. आमटी कोमट असतानाच आत गेली, तर घरचा फ्रिज तासा-दोन तासांत सावरतो, याला सहा-आठ तास लागतात. आदल्या रात्री घरीच लावून थंड करा, सामान घरच्या फ्रिजमधून गार करूनच भरा.

आता समजा चाचणीत नापास झाला. असं का होतं, हे नवा घेताना उपयोगी पडेल म्हणून सांगतो. फ्रिज तिरका ठेवून तासन्‌तास चालवला की द्रावण बॉयलरकडे परत येत नाही, मध्येच साचतं. बॉयलर कोरडा तापतो, सोडियम क्रोमेटचे कण होतात आणि ज्या अरुंद नळीतून द्रावण उकळीने वर चढतं तीच चोंदते. हे नुकसान कायमचं. गाडी चालताना तिरकेपणा चालतो, कारण हिंदकळून द्रावण जागच्या जागी येतं. वाईट तो उताराच्या ड्राइव्हवेवर आदल्या रात्रीपासून लावलेला फ्रिज. वर जो थंड करून ठेवण्याचा सल्ला दिला, तो सपाट जागेवरच. फ्रिज उलटा करून ठेवल्यावर परत चालू झाल्याचे किस्से तुम्ही वाचले असतील. काहींना महिना-दोन महिने मिळतात. फुटलेल्या नळीला त्याचा काहीही उपयोग नाही.

नापास फ्रिजसाठी एक वाट म्हणजे फक्त कूलिंग युनिट बदलणं. इंडियानातल्या शिपशेवाना भागात आमिश पंथाचे कारागीर ही युनिटं बनवतात. स्वतः तारांची वीज न घेणाऱ्या या लोकांच्या घरांत गॅसचा फ्रिज रोजचा, त्यामुळे हातात ते काम आहे. युनिट साधारण 800 ते 1,200 डॉलर, मजुरी सहा ते आठ तास. फ्रिज बाहेर काढून पालथा घालायचा, जुनं युनिट फोमसकट उपसायचं, नवं बसवताना बाष्पकाच्या (आतली उष्णता ओढणाऱ्या भागाच्या) पत्र्याला उष्णतावाहक मॅस्टिक, म्हणजे लेप, एकसारखं लावायचं. इथे हात आखडला आणि पत्रा व नळी यांत हवेचे खिसे राहिले, तर नवं युनिट पहिल्या दिवसापासून जुन्यासारखं वागतं. बारा घनफुटांच्या चार दारी फ्रिजला हा खर्च शोभतो, कारण नवा फार महाग. तुमच्या आठ घनफुटीला सगळं मिळून दोन हजारांच्या आसपास जाऊन दार, सील, बोर्ड जुनेच राहतात. मी हा सल्ला देणार नाही.

तसाच नवा गॅस-वीज फ्रिज, म्हणजे दुकानाचे 3,100. याचा खरा फायदा एकच, पण मोठा: बॅटरीला जवळजवळ भार नाही. बर्नर ताशी 1,500 बीटीयू (उष्णतेचं एकक) धरला तर 20 पौंडांच्या एका टाकीवर सतत चालून बारा दिवस निघतात. विजेविना आठ-दहा दिवस रानात राहणाऱ्यांनी हाच घ्यावा. तुम्ही त्यांतले नाही.

उरला 12 व्होल्टचा कॉम्प्रेसरवाला. तुमच्या खोबणीत बहुधा दहा घनफुटांचा बसेल. किंमत 1,000 ते 1,500. रुंदी, उंची आणि खोली तीन-तीन ठिकाणी मोजा, चौकटी काटकोनात नसतात. हा फ्रिज 100 अंशांतही थंड राहतो आणि तिरक्या जागेचं त्याला भय नाही. पण तो बॅटरी खातो: हवा बरी असेल तर दिवसाला 60 अँपिअर-तास, उन्हाळ्यात 90-100. ट्रेलरसोबत आलेली एकुलती एक लेड-अ‍ॅसिड बॅटरी वापरण्याजोगे चाळीसच देते, म्हणजे विजेविना पहाट होण्याआधी सगळं बंद. लिथियमच्या 100 अँपिअर-तासांच्या दोन बॅटऱ्या हव्यात, त्यांना मानवेल असा चार्जर हवा (ट्रेलरमधला 2012 चा चार्जर, म्हणजे कन्व्हर्टर, त्यांना पुरतं भरत नाही), आणि जमलं तर 200 वॅटचं सोलर. हे सगळं धरून बेरीज पुन्हा 2,500 ते 3,000 वर जाते. फक्त खांबाच्या विजेवर राहणार असाल तर बॅटऱ्या नंतर घ्या.

जुन्या फ्रिजची 12 व्होल्टची वायर नव्याला वापरू नका. ती फक्त बोर्डसाठी ओढलेली असते. हिशेब करा: 14 गेजची वायर, बॅटरीपासून 20 फूट, जाऊन-येऊन 40 फूट, म्हणजे 0.1 ओहम. कॉम्प्रेसरने 10 अँपिअर घेतले की एक व्होल्ट वायरीतच गेला. बॅटरी 11.8 वर आली की फ्रिजला 10.8 दिसतात आणि तो स्वतःला बंद करतो. मग लोक फ्रिज परत पाठवतात. 10 गेज घातली तर हाच तोटा 0.4 वर येतो. वेगळी वायर, वेगळा फ्यूज. गॅसची नळी दोन पाने लावून सोडवा, टोकाला पितळी फ्लेअर कॅप घट्ट बसवा, साबणाचं पाणी लावून बुडबुडे तपासा. नुसता व्हॉल्व्ह बंद करून चालणार नाही. बाहेरच्या जाळ्या आतून इन्सुलेशनने बंद करा, पण नव्या फ्रिजच्या पुस्तिकेत कॉम्प्रेसरला किती हवा मागितलीय ते वाचून. घरगुती फ्रिज स्वस्त पडतो, हे खरं. पण तो ट्रेलरच्या दारातून आत नेणं, हादऱ्यांत दार बंद ठेवणं आणि इन्व्हर्टरचा स्वतःचा खर्च पाहता 28 फुटीत मला तो पटत नाही.

तुमच्या ट्रेलरला लागू नाही, पण जुनी गाडी घेऊ पाहणाऱ्यांसाठी: दोन दारी डोमेटिक फ्रिजांची 2006 आणि 2008 मध्ये, नॉरकोल्डच्या 1200 मालिकेची 2010 मध्ये आगीच्या धोक्यावरून परत मागवणी झाली होती. फ्रिजच्या आतल्या पट्टीवरचा मॉडेल आणि सीरियल नंबर घेऊन तपासा, नुसत्या गाडीच्या नंबरावर विसंबू नका.

यलोस्टोनचं असं. उद्यानाच्या आत जोडण्या फक्त फिशिंग ब्रिजला आहेत. बाकीच्या कॅम्पग्राउंडांत विजेविना राहावं लागेल, आणि जूनमध्येही रात्री पारा शून्य सेल्सिअसजवळ जातो. म्हणजे फर्नेसचा (ट्रेलरच्या हीटरचा) पंखा चालू असेपर्यंत सात-आठ अँपिअर वेगळे खाणार. शिवाय उद्यानाचा बराचसा भाग साडेसात हजार फुटांच्या वर आहे आणि गॅसवरच्या फ्रिजांच्या पुस्तिका साडेपाच हजार फुटांनंतर ज्योत विझू शकते असं सांगतात. जुना फ्रिज चाचणीत पास झाला तर निघण्याआधी जेट आणि धुरांडं साफ करा, रोज सकाळ-संध्याकाळ पॅनेलवरचा दिवा बघा. नापास झाला आणि 12 व्होल्टचा घेतलात, तर बॅटऱ्या त्याच खेपेला बसवा किंवा फिशिंग ब्रिजचं आरक्षण आधी हातात घ्या.

दुकानाला उद्या फोन करून एवढंच विचारा: एलिमेंट किती ओहम भरला, तपासताना खांबावर किती व्होल्ट होते, आणि पिवळी पूड नेमकी कुठे दिसली. तिन्हींचं उत्तर नसेल तर चोवीस तासांची चाचणी तुमच्याच ड्राइव्हवेवर, तोही सपाट असेल तरच.